गुऱ्हाळातून गेलेला रस्ता

गावसभेत अंग खाजवायलासुद्धा हात वर करू नये, असं आमचे वडील सांगायचे. ते स्वतः एकदा माशी वारायला गेले आणि नऊ वर्षं गावाचे श्वान अधिकारी होऊन बसले. हे उदाहरण डोळ्यांसमोर असताना, उभा जन्म पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला त्रेसष्ट वर्षांचा मी, मार्चच्या पहिल्या मंगळवारी वेदरबीच्या सभागृहात उभा राहिलो आणि पूर्ण शुद्धीत म्हणालो, "नकाशा मी करतो. फुकटात करतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बरं, 'फुकटात' हा शब्द कुणी मागितला नव्हता. तो मी पदरचा घातला आणि पुढे सगळ्यात महाग तोच पडला.

भानगड अशी होती. आमच्या व्हरमाँटच्या रानात दोनशे वर्षांपूर्वीचे रस्ते जागोजाग मरून पडले आहेत. शेतकरी खडकाळ जमिनीला कंटाळून ओहायोकडे निघून गेले, रस्त्यांवर झाडं वाढली, पण गावाच्या वह्यांत ते रस्ते अजून जिवंत. सरकारने फर्मान काढलं की जूनअखेरपर्यंत जो रस्ता नकाशावर येईल तो गावाचा, न येईल तो कायमचा गेला. आमच्या भागात मोजणीदार एकच, आणि सगळ्या गावांना एकदमच जाग आल्यामुळे त्याला पुढच्या वर्षापर्यंत सवड नव्हती. बहुतेकांचं म्हणणं पडलं की जाऊ द्यात मेले ते रस्ते, तेवढीच बर्फ उपसायची कटकट कमी. मलाही बाकीच्या रस्त्यांशी देणंघेणं नव्हतं. मला एकच हवा होता, चौथ्या शाळेचा रस्ता.

हा रस्ता आमच्या घराजवळून निघून लून तळ्यावर जातो. माझा थोरला भाऊ रॉली एक्कावन्न वर्षं दर जानेवारीत या रस्त्याने आपली मासे धरायची लाकडी खोपटी ट्रकमागे ओढत तळ्यावर नेत असे आणि बर्फाला भोक पाडून मार्चपर्यंत तिथे बसत असे. बाकी आयुष्यात त्याचं विशेष काही झालं नाही आणि त्याची त्याला खंतही नव्हती. दोन वर्षांपूर्वी शेजारची जमीन कनेटिकटच्या प्रेस्कॉट नावाच्या गृहस्थाने घेतली आणि रस्त्याला आडवी साखळी लावून कुलूप घातलं. तळ्याच्या पलीकडच्या अंगाला कडा आहे आणि रॉलीचा एक पाय मधुमेहाने नेला आहे. तेव्हापासून दोन हिवाळे ती खोपटी माझ्या अंगणात उभी, आणि रॉली माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून तिच्याकडे बघतोय. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की हृदयाचा भरवसा नाही, फार लांबचे बेत करू नका. रॉली म्हणाला, तळं तर पाव मैलावर आहे.

आता कुणी म्हणेल, शेजाऱ्याला विचारायचं. असं म्हणणारा आमच्याकडचा नाही. आमच्या गावात बाहेरच्याला तीन पिढ्या बाहेरचाच ठेवतात आणि चौथ्या पिढीला मान हलवून ओळख देतात. साखळी त्याने लावली, तर बोलायला त्याने यावं. तो आलाही, हे मी कबूल करतो. आदल्या ऑक्टोबरात एक जाडसर पाकीट घेऊन दारात उभा राहिला. मी आर्लीनला, म्हणजे बायकोला, सांगायला लावलं की मी घरात नाही. त्या वेळी मी खिडकीतच उभा होतो आणि आमची नजरानजरही झाली, पण तत्त्व म्हणजे तत्त्व. तो पाकीट ठेवून गेला. आर्लीन म्हणाली, उघडून तरी बघ. मी म्हणालो, वकिलाची नोटीस असणार, आणि नोटीस उघडली की ती पोचली असा अर्थ होतो. पाकीट मी तसंच जाळायच्या रद्दीत टाकलं. असले कायदेशीर बारकावे आर्लीनला कधीच कळले नाहीत.

तर नकाशा. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं नकाशाचं एक फुकट सॉफ्टवेअर मी निवडलं. त्याची तयार मिळणारी आवृत्ती आमच्या जुन्या सरकारी नकाशाचं चित्र उघडताना मटकन बसायची. हा दोष कुणीतरी दुरुस्त केला होता, पण ती दुरुस्ती फक्त सोर्स कोडात होती. म्हणजे प्रोग्राम लिहून तयार, तो आपल्या यंत्रावर चालेल असा बांधून घ्यायचा ज्याचा त्याने. खाणावळीत जेवायला बसावं आणि वाढप्याने जिवंत कोंबडी, सुरी आणि काड्यापेटी आणून समोर ठेवावी, तशातली गत. वर पुन्हा सगळं फुकट, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही.

मदतीसाठी इंटरनेटवर एक मंच होता. तिथे बकथॉर्न या टोपणनावाचा एक इसम ठाण मांडून बसलेला असे. तो कोण, कुठला, त्याला दुसरा कामधंदा आहे की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. प्रश्न विचारला की दहा मिनिटांत त्याचं उत्तर यायचं आणि त्यात कधीही पूर्ण वाक्य नसायचं. पहिल्यांदा तो विचारी, सूचना वाचल्या का. मग विचारी, आवृत्ती कुठली. मग सांगे की हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी अमक्याने विचारला होता, तो बघा. तो बघावा तर खाली त्या अमक्यानेच लिहिलेलं असायचं की प्रश्न सुटला, सर्वांचे आभार. कसा सुटला, ते त्या भल्या माणसाने लिहिलं नव्हतं. असल्या माणसांना मी शाळेत बाकावर उभं केलं असतं.

सुरुवात मी घरच्या मॅकवर केली. हा सुनेने टाकून दिलेला. या सॉफ्टवेअरला आधी बांधून ठेवावे लागणारे चौदा सुटे भाग लागतात असं कळलं. ते एकेक बांधत आठव्यापर्यंत आलो, तर आठव्याला पहिला भाग याहून नवा हवा होता. पहिला नवा आणला, तर तिसरा रुसला. घरात तीन विहिणी आल्या तर जेवायला बसवायचं कुणाला कुठे, हा प्रश्न आर्लीन दर वर्षी सोडवते, पण तिला विचारायला मला कमीपणा वाटला.

त्यात मार्च. मार्चमध्ये मेपलच्या झाडांना रस सुटतो आणि आमचं गुऱ्हाळ चालू होतं. रस उकळायला लागला की काहिलीपासून हलता येत नाही, म्हणून मी मॅकच गुऱ्हाळात नेला. रद्दीचा सगळा गठ्ठा भट्टीत घालून जाळ केला, वर लाकडं रचली आणि एका डोळ्याने काहील, एका डोळ्याने पडदा, असा बसलो. पडद्यावर ओळी सरकत होत्या. त्या सरकत असल्या की काम चाललं आहे असं वाटतं आणि माणूस बघतच राहतो. लाल रंगाची ओळ आली, ती मी वाचत बसलो, आणि तेवढ्यात काहील लागली. त्या हंगामातला पहिला, सगळ्यात फिक्या रंगाचा, बक्षिसाला पाठवायचा पाक कोळसा झाला. आर्लीनने येऊन काहील बघितली, मला बघितलं आणि उरलेला हंगाम तिने एकटीने चालवला. एप्रिल लागेपर्यंत ती माझ्याशी फक्त जेवण झालं की नाही एवढंच बोलत होती.

अखेर मॅकवर ते सॉफ्टवेअर उघडलं. मी गावाच्या वहीतला १८११ सालचा मजकूर घेतला, त्यात अमक्या हेमलॉकच्या झाडापासून अमक्या दगडापर्यंत इतक्या काठ्या अशी सगळी मापं होती. सुरुवातीची जागा जुन्या सरकारी नकाशावरून उचलली आणि आकडे भरले. रस्ता उमटला, पण वेदरबीत नव्हे. तो दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात उमटला होता. मी अक्षांशाच्या जागी रेखांश भरले होते, एवढी किरकोळ बाब. ती मी दुकानात कॉफी घेताना एकाला विश्वासात घेऊन सांगितली. दुपारपर्यंत टपाल टाकायला येणारी बाईसुद्धा मला पेंग्विनांची खुशाली विचारून गेली.

मग गावाच्या कचेरीतल्या लॉरेटा थिबोने नियम काढला. लॉरेटा म्हणजे आमची शाळेतली वर्गमैत्रीण आणि गेली तीस वर्षं गावाची कारकून. तिचं म्हणणं, नोंद कचेरीत होते, तेव्हा नकाशा कचेरीच्या यंत्रावर उघडला पाहिजे आणि छापलाही तिथेच गेला पाहिजे. कचेरीत विंडोजचं यंत्र. म्हणजे सगळी बांधणी पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या पद्धतीने. शिवाय नवीन काही बसवायचं तर पासवर्ड लागे आणि तो ठाऊक असलेला माणूस फ्लोरिडाला राहायला गेला होता. फोन केला तर त्याला एवढंच आठवत होतं की पासवर्ड म्हणजे त्याच्या लहानपणी घरी असलेल्या कुत्रीचं नाव. कुत्रीचं नाव मात्र आठवेना. लॉरेटाने कुत्र्यांच्या परवान्यांची वही काढली. त्यात वडिलांच्या अक्षरात, तांबडी कुत्री, चावते, नाव डचेस, अशी नोंद सापडली. माशी वारायला उठलेला वडिलांचा हात असा पंचेचाळीस वर्षांनी उपयोगी पडला. आमच्या घराण्याने गावासाठी केलेल्या कामांत हे एकच धड झालं.

कचेरी मंगळवारी आणि गुरुवारी नऊ ते दोन उघडी असते, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. बांधणीला लागत पाच तास. दोन वाजले की लॉरेटा मुख्य बटण बंद करी, कारण दिवा चालू ठेवून गेल्याबद्दल तिला एकदा सभेत बोलणी खावी लागली होती. अशा रीतीने मी एप्रिलभर दर मंगळवारी शून्यापासून सुरुवात केली आणि गुरुवारी पुन्हा शून्यापासून. मे महिन्यात तिलाच माझी दया आली. एका गुरुवारी ती विणकाम घेऊन आली, म्हणाली, "वेंडेल, तुझं एकदाचं होऊन जाऊ दे, तुझं तोंड बघवत नाही." साडेतीन वाजता बांधणी पुरी झाली. सूचनांतल्या एक-दोन पायऱ्या मी गाळल्या होत्या. त्यांतली एक 'जुन्या नकाशांसाठी' अशी होती, आणि मी तर नवा नकाशा करत होतो.

आणि रस्ता उमटला. वेदरबीत उमटला. चौथ्या शाळेच्या कोपऱ्यावरून निघून, दगडी कुंपणाला लागून, बरोबर प्रेस्कॉटच्या साखळीखालून तळ्याला गेला. माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. लॉरेटाने पान छापलं आणि मी ते घडी न घालता, छातीशी धरून घरी नेलं. रॉलीने ते खिडकीच्या उजेडात धरलं आणि बराच वेळ बोटाने ती रेघ गिरवली.  दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर कुबडी भिंतीला टेकवून, खुर्चीत बसून तो खोपटीला हिरवा रंग देत होता. मला वाटतं, माणसाला आयुष्यात एवढंच हवं असतं की आपल्यामुळे कुणीतरी काहीतरी रंगवायला घ्यावं.

इथे मी थांबायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड. एक मोजणी म्हणजे मोजणी नव्हे, हे मी बत्तीस वर्षं पोरांना सांगत आलो. वाचनालयात लिनक्सचं एक यंत्र होतं. तिथे एका निवांत दुपारी, आता सराव झालाच आहे म्हणून, मी सगळ्या पायऱ्या एकही न गाळता शहाण्या मुलासारख्या केल्या. चाळीस मिनिटांत बांधणी झाली. तेच आकडे भरले, या वेळी सुलटे. रस्ता उमटला तो विंडोजच्या रस्त्यापासून एकशेवीस फूट सरकून. साखळी एका बाजूला राहिली, आणि रस्ता माझ्या मेपलच्या रांगेतून येऊन, गुऱ्हाळाच्या पाठच्या भिंतीतून आत शिरून, काहिलीवरून पुढच्या दाराने बाहेर पडला.

मी मंचावर जाऊन तुटून पडलो. म्हटलं, एकच सोर्स कोड, तीन यंत्रं, तीन ठिकाणी रस्ता, हे काय सॉफ्टवेअर म्हणायचं की भविष्य सांगणारा पोपट. दहा मिनिटांनी बकथॉर्नचं उत्तर आलं. जुने सरकारी नकाशे एका आधारबिंदूवरून मोजलेले, नवे दुसऱ्यावरून. तुमच्याकडे दोन्हींत सुमारे एकशेवीस फुटांचा फरक. तो फरक मिटवणारी छोटी फाइल सोबत येते, बांधणीच्या आधी ती उघडून ठेवायची. नाही उघडली तर सॉफ्टवेअर तक्रार न करता फरक शून्य धरतं. पायरी सहावी. वाचली का? त्याचं हे पहिलं सविस्तर उत्तर होतं आणि ते माझ्या वर्मी लागलं. कारण आणलेली फाइल न उघडता तशीच ठेवून मी पुढे गेलो होतो, आणि नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं म्हणत होतो. सहावी पायरी ती, जी मी गाळली होती. खरा रस्ता लिनक्सचा होता.

आता गुऱ्हाळाबद्दल. ते मी १९८८ साली माझ्या हाताने बांधलं. चार भिंती, वर वाफ जायला उंच झरोका, आत बारा फुटी काहील. त्याच्यावर आर्लीनचा माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. आणि रॉलीला तर दोन्ही नकाशांत तळं मिळतच होतं. चुकीच्या नकाशाने माझ्या अंगाला काही लागत नव्हतं. खड्ड्यात जाणार होता तो प्रेस्कॉट, ज्याच्यासाठी मी त्या वेळी अश्रू ढाळणार नव्हतो. विंडोजचा छापलेला कागद तयार होता. लिनक्सचा कागद मी त्याच फायलीत, खालच्या बाजूला ठेवला. का ठेवला ते सांगता येत नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पंचांसमोर सुनावणी झाली. तीन पंच, त्यांचा मुख्य होलिस. हा होलिस माझा विद्यार्थी. अकरावीत लंबकाच्या प्रयोगात न मोजताच आकडे लिहिले म्हणून मी त्याला नापास केला होता आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं होतं की चुकीची मोजणी माफ, बनवलेली मोजणी माफ नाही. प्रेस्कॉट मागच्या बाकावर नवे बूट घालून बसला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, माझी कशालाच हरकत नाही, रस्ता जिथे असेल तिथे असू दे. काय हा माज, असं मला वाटलं.

मी वरचा कागद पुढे केला. होलिसने तो उलटसुलट बघितला. मग मान वर करून, अगदी साधेपणाने, त्याच्या मनात काही नसताना त्याने विचारलं, "सर, हा मोजलेला आहे ना?"

सभागृहात चाळीसेक माणसं होती आणि त्यांतली निम्मी माझ्या हाताखालून गेलेली. रॉली पहिल्या रांगेत कुबडी मांडीवर घेऊन बसला होता, त्याच्या नखांना हिरवा रंग होता. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही. मोजलेला खाली आहे."

खालचा कागद फिरला. माणसं आधी कागद बघत, मग मला बघत. होलिसने विचारलं की सर, हे चौकोनी काय आहे. मी म्हटलं, गुऱ्हाळ. कुणाचं, असं त्याने विचारलं नाही, हा त्याचा मोठेपणा. पण लॉरेटा कर्तव्याला चुकणारी नाही. तिने उठून १९८८ सालची फाइल काढली आणि बांधकामाच्या परवानगीसाठी दिलेलं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "या जागेवरून कोणताही रस्ता पूर्वी कधीही नव्हता व आजही नाही, हे मी शपथेवर लिहून देतो. सही, वेंडेल स्प्रेग, शिक्षक." 'शिक्षक' हा शब्द ती गाळू शकली असती. सभागृह हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं.

ठराव झाला. चौथ्या शाळेचा रस्ता गावाच्या नकाशावर आला. पंचांनी कृपाळू होऊन गुऱ्हाळ पाडायला लावलं नाही. मागची-पुढची भिंत काढावी, काहील-भट्टी हलवावी, रस्ता मोकळा करावा, छप्पर राहू द्यावं. आमच्याकडे छप्पर असलेले पूल पुष्कळ आहेत. खाली पूल नसताना वर छप्पर असलेला रस्ता एवढा एकच. आर्लीनने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तू खरं बोललास?" मी म्हटलं, हो. "आणि ते आजच बोलावंसं वाटलं." 

मंचावर मी सहाव्या पायरीसाठी एक वाक्य सुचवलं, पुढच्या माणसाला तरी ठेच लागू नये म्हणून. "ही फाइल बांधणीआधी उघडा, नाहीतर रस्ता शेजाऱ्याच्या हद्दीत दिसेल आणि पुढे स्वतःचं गुऱ्हाळ मोडावं लागेल." बकथॉर्नने वाक्याचा पहिला भाग घेतला. उरलेल्या भागापुढे लिहिलं, विषयाशी संबंध नाही. जगाच्या ज्ञानात माझी भर ती एवढी.

सप्टेंबरात मी भिंती काढल्या. रांगेतली अकरा झाडं तोडली. त्यांतली दोन आजोबांनी रस काढलेली होती, ती तोडताना मी कापत होतो आणि रडतही होतो आणि कापायचं थांबलो नाही. भट्टी उचकटली तेव्हा राखेत खिळे, बिजागरी आणि एक काळी पडलेली पोलादी किल्ली सापडली. कशाची ते आठवेना. घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघितली, लागली नाही. किल्ली फेकू नये म्हणतात, म्हणून छपराच्या खांबावर एका खिळ्याला अडकवून ठेवली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तळं गोठलं. स्वच्छ सकाळ, ऊन, अंगात शिरणारी थंडी. रॉली ट्रकमध्ये माझ्या शेजारी, गुडघ्यावर पांघरूण, मांडीवर गळाची पेटी. मागे हिरवीगार खोपटी. मी गाडी तोडलेल्या खुंटांमधून सावकाश गुऱ्हाळाकडे घेतली. रॉली डावी-उजवीकडे बघत होता.

"वेंडेल," तो म्हणाला, "इथून आपण कधी गेलो रे?"

"कधीच नाही."

"मग?"

"कागदावर इथूनच गेलो."

 आम्ही छपराखाली शिरलो आणि मागे कडाड असा आवाज झाला. खोपटी आडव्या तुळईखाली अडकली होती. रुंदी मी इंचाइंचाने मोजली होती. नकाशात उंची नसते. पुढे जाईना, मागे येईना. मी उतरून ढकलू लागलो, शिव्या घालू लागलो, बर्फात बसू लागलो. रॉली आरशातून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी सहन केला असता. तो परत खिडकीशी बसल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडून प्रेस्कॉट चालत आला. हातात कॉफीचा कप, तो त्याने बर्फात ठेवला, खोपटीला खांदा लावला आणि दोघांनी मिळून ती मागे ढकलून काढली. मग धापा टाकत म्हणाला, "माझ्या बाजूने न्या ना. सपाट आहे."

मी म्हटलं, साखळी आहे.

"किल्ली आहे ना तुमच्याकडे."

मी म्हटलं, कसली किल्ली?

"पाकिटात दिली होती," तो म्हणाला. "चिठ्ठीपण होती. ती बर्फावरच्या मोटारसायकलींवाली मंडळी धुडगूस घालायची म्हणून कुलूप लावलं. तुम्ही दोघं केव्हाही या-जा, असं लिहिलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा वाटलं तुम्हाला राग आलाय. म्हणून परत काही बोललो नाही. सुनावणीच्या वेळी मला काय चाललंय तेच कळेना, पण म्हटलं, त्यांचं काही कारण असेल."

ट्रकची काच खाली सरकली. रॉलीने हात बाहेर काढला आणि खांबाकडे बोट दाखवलं.

"तिथे खिळ्याला ते काय आहे?"

मी किल्ली काढली. साखळीपर्यंतचं अंतर एकशेवीस फूट, ते मला कुणी मोजून सांगायची गरज नव्हती. कुलूप गोठलं होतं. प्रेस्कॉटने त्यावर उरलेली कॉफी ओतली. किल्ली लागली, पहिल्या फटक्यात फिरली आणि साखळी बर्फात पडली. रॉली आपल्या रस्त्याने तळ्यावर गेला.

दिवसभरात त्याने सहा मासे धरले आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. परतताना साखळी लावायला मी उतरलो, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकणार तोच त्याने ट्रकच्या खिडकीतून हात पुढे केला.

"ती माझ्याकडे दे."